भवानीआईची तसबीर काढू नकोस

सोलापूर

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, छकुली देवघरातल्या तुळजाभवानीला घाबरते, म्हणून ती तसबीर काढून रांगता बाळकृष्ण ठेवणार आहेस. बाळकृष्ण जरूर ठेव. पण आईला काढू नकोस.

देवी रागावली आहे, हे पोरीने बरोबर ओळखलं. आठ हात, रेड्यावर पाय, त्रिशूळ महिषासुरात रुतलेला आणि एका हातात त्याची शेंडी. पण तिला गोष्ट तिथून नको, अनुभूतीपासून सांग. कर्दम ऋषी गेले. पदरात लहान मूल असलेली त्यांची बायको अनुभूती मंदाकिनीकाठी तपाला बसली आणि कुकुर दैत्याने तिच्यावर वाईट नजर टाकली. तिने हाक मारली तशी भवानी धावून आली आणि रेड्याचं रूप घेतलेल्या त्या दैत्याला तिने मारलं. तो राग त्या एकट्या बाईसाठी होता गं. छकुलीला नुसते गोड देवच दाखवलेस, तर उद्या कुणी त्रास दिल्यावर तिने हाक कुणाला मारायची?

आणि हीच देवी दसऱ्याला सीमोल्लंघन करून झोपते. मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात, ती पौर्णिमेपर्यंत. श्रमनिद्रा म्हणतात तिला. आपल्या सोलापुरातून कोजागिरीला एवढी माणसं रात्रभर चालत जातात, ती याच देवीकडे. लढून दमली असेल म्हणून तिला निजवणारी माणसं तिला भीत नाहीत, तिच्यावर माया करतात.

नरसिंहाची गोष्टही अर्ध्यावर सोडू नकोस. हिरण्यकशिपूचं पोट फाडलं, इथे सगळे थांबतात. भागवतात पुढे आहे: राग काही शमेना. देव लांबूनच स्तुती करत राहिले, लक्ष्मीसुद्धा जवळ जाईना. शेवटी ब्रह्मदेवाने प्रल्हादाला पुढे पाठवलं. ते लेकरू सरळ जाऊन पायांवर पडलं, आणि नरसिंहाने त्याला उठवून डोक्यावर हात ठेवला. ज्या हाताच्या नखांनी बाप फाडला, तोच हात! मला तर हे सांगताना आजही भरून येतं. छकुलीला नक्की आवडेल, यात मोठे घाबरतात आणि लहान पुढे जातं.

तसबीर जरा खाली, तिच्या उंचीवर लाव. कुंकू तिच्याच बोटाने लावू दे. नवरात्रात दोघी या. तुळजापूरची गर्दी तिला झेपणार नाही, आपण पहाटे इथल्या रूपाभवानीला जाऊ. जावईबापूंना नमस्कार सांग.

तुझी,
आई