लक्ष्मी बाद, सरिता पास: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय : लाभार्थी पडताळणीच्या सॉफ्टवेअरमधील पक्षपात

महोदय, स.न.वि.वि.

सरकारी योजनांतले बोगस लाभार्थी शोधायला मशीन लर्निंग (जुन्या नोंदींवरून संगणकाला शिकवणे) वापरण्याला आमची हरकत नाही. पण ‘अचूकता अमुक टक्के’ असा एकच आकडा पाहून प्रणाली स्वीकारू नये.

रेशनकार्डावर नाव मराठीत, पासबुकात रोमन लिपीत. ‘लक्ष्मी’ एका कागदावर ‘एक्स’ घालून पाच रोमन अक्षरांत, तर दुसऱ्यावर ‘के-एस-एच’ने सात अक्षरांत. नावे जुळवण्याची एक प्रचलित पद्धत किती अक्षरे बदलावी लागतील ते मोजते. इथे ७ पैकी ३, म्हणजे साम्य ५७ टक्के. किमान साम्याची मर्यादा ८० ठेवली की लक्ष्मी बाद. याच हिशेबाने सविता आणि सरिता मात्र ८३ टक्के सारख्या, म्हणून पास!

हे झाले स्पेलिंगचे. लग्नानंतर बहुतेकींच्या नावात वडिलांच्या जागी नवरा येतो, आडनावही बदलते. तीन शब्दांतले दोन गेले. पुरुषाचे तिन्ही जन्मभर तेच. त्यामुळे ‘आम्ही लिंगाचा रकानाच काढून टाकला’ असे सॉफ्टवेअरचा पुरवठादार सांगतो, तेव्हा त्याने फारसे काही काढलेले नसते. त्यात मागे असेच बाद झालेले अर्ज ‘बोगस’ म्हणून यंत्राला शिकवायला दिले, की लग्न हीच संशयाची खूण ठरते. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या प्रणालीत परकीय नागरिकत्व हा जोखमीचा निकष होता. हजारो कुटुंबांवर खोटा ठपका आला आणि जानेवारी २०२१ मध्ये सरकारने राजीनामा दिला. तिथे तो निकष निदान रकान्यात तरी दिसत होता, इथे तो आडनावात दडला आहे.

मुंबईत पत्त्याची भर. अर्जात खोली क्रमांक सुटला की अख्ख्या चाळीतली बिऱ्हाडे एकाच पत्त्यावर दिसतात, आणि यंत्राला तो घोटाळा वाटतो.

म्हणून निविदेत चाचणीची अट घाला. चाचणीतल्या नावांच्या जोड्या पुरवठादाराने नव्हे, विभागाने हाताने तपासलेल्या असाव्यात. पुरुष, अविवाहित आणि विवाहित स्त्रिया असे गट करून प्रत्येकी किमान १,००० खरे लाभार्थी घ्यावेत. (३०० जणांत एकही चूक सापडली नाही, तरी खरे प्रमाण १ टक्क्यापर्यंत असू शकते.) मर्यादा ७०, ८०, ९० ठेवून चुकीने बाद होणाऱ्यांचे प्रमाण गटवार मागा. निम्मे पुरुष आणि निम्म्या विवाहिता असतील, चूक अनुक्रमे १ आणि ९ टक्के असेल, तर सरासरी अचूकता ९५ दिसते आणि सगळे खूश असतात.

नाव जुळले नाही तर अर्ज माणसाकडे तपासणीला जावा, तोवर हप्ता चालू राहावा. ‘तांत्रिक कारण’ हे कारण नव्हे. कोणत्या दोन कागदांवरचे कोणते आडनाव जुळत नाही, ते अर्जदार स्त्रीला मराठीत कळावे आणि विवाह नोंदणी दाखला जोडायची सोय त्याच पानावर असावी.

चालू प्रणालींसाठी तर नव्या निविदेचीही गरज नाही. बाद अर्जांतून चिठ्ठ्या टाकून काढावेत तसे ५०० काढून हाताने तपासावेत, आणि त्यांत खऱ्या लाभार्थी किती निघाल्या ते जाहीर करावे.

आपले,
पडताळणी प्रणालींची चाचणी करणारे मुंबईतील काही अभियंते