पिनांचे क्रमांक स्पष्ट छापा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विज्ञान प्रकल्पांसाठी रास्पबेरी पायसारखे सिंगल बोर्ड कॉम्प्युटर (एकाच छोट्या बोर्डावर बसवलेले संगणक) आता सर्रास वापरले जातात. मात्र त्यावरील ४० पिनांना तारा जोडताना घ्यायची काळजी अनेक प्रकल्प-पुस्तिकांत जेमतेम एका ओळीत उरकलेली असते. या बोर्डाच्या सिग्नल पिना ३.३ व्होल्टसाठीच बनवलेल्या असून त्या थेट चिपपर्यंत जातात, त्यामुळे ५ व्होल्टचा सिग्नल देणारा सेन्सर सरळ जोडला तर ती पिन, आणि प्रसंगी सगळा बोर्डच, निकामी होऊ शकतो. अंतर मोजणाऱ्या अल्ट्रासोनिक सेन्सरच्या ‘इको’ तारेचे व्होल्टेज म्हणूनच १ आणि २ किलोओहमच्या दोन रेझिस्टरांनी विभागून उतरवून घेतात.

त्याहून फसवा आहे तो क्रमांकांचा घोळ. प्रोग्राममध्ये लिहिला जाणारा ‘जीपीआयओ ४’ (चिपच्या हिशेबाने सिग्नल क्रमांक ४) बोर्डावर ७ व्या पिनेवर असतो, तर मोजून येणारी ४ थी पिन चक्क ५ व्होल्टच्या पुरवठ्याची निघते! आकृतीत कोणती क्रमांकपद्धती वापरली आहे हे न सांगणारी पुस्तिका माझ्या मते नुसती अपुरी नव्हे, तर धोकादायक आहे.

एलईडीसोबत रेझिस्टर हवाच. मोटर किंवा रिले (विजेने चालणारा स्विच) तर पिनेवरून थेट कधीच चालवू नये, त्यासाठी ट्रान्झिस्टर आणि त्यांच्या कॉइलला समांतर, उलट्या दिशेने जोडलेला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लागतो. तारा बदलण्यापूर्वी संगणक रीतसर बंद करून वीजपुरवठा काढावा, एवढी सूचना तरी प्रकाशकांनी पहिल्याच आकृतीवर ठळक छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक