वाघिणीला जो न्याय, तोच डॉल्फिनलाही द्या

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

मी भिवापूर तालुक्यातला शेतकरी. सोयाबीन विकून हाती आलेल्या पैशांत बायको-लेकीला घेऊन पहिल्यांदाच समुद्र पाहायला गेलो. नागपूरहून पुणे, तिथून एसटीने दापोली. दुसऱ्या दिवशी सकाळीच डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटीत बसलो.

पाण्यातून राखाडी पाठ वर आली, पाठीवर उंचवटा, आणि फुस्स असा सोडलेला श्वास. अंगावर काटा आला. तिला चिकटून पिल्लू होतं. तेवढ्यात चहूबाजूंनी बोटी धावल्या. सात तर मी मोजल्या. शिट्ट्या, आरडाओरड, डिझेलचा धूर. मायलेकरं बुडाली की बोटी पुढे जाऊन वाट अडवायच्या. ती जेमतेम वर यायची आणि लगेच खाली जायची. लेक माझा शर्ट ओढत म्हणाली, “बाबा, तिले दम तं घेऊ द्या ना!”

मी बोटवाल्याला इंजिन बंद करायला सांगितलं. तो म्हणाला, “जवळून दाखवलं नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या बोटीत जातं.” त्याचं पोट त्यावर आहे, त्याच्या एकट्यावर राग धरून काय होणार?

साहेब, हे आम्ही घराजवळच पाहिलंय. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ नावाची वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना पर्यटकांच्या जिप्सी गाड्यांनी दोन्हीकडून अडवलं. व्हिडिओ फिरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गाइड-चालकांवर कारवाई झाली. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे, तसे डॉल्फिन आणि देवमासेही आहेत. आपल्या किनाऱ्यालगत उथळ पाण्यात राहणारा हा कुबडवाला डॉल्फिन तर जगभरात संकटग्रस्त गणला जातो. तो मासा नाही. हवेसाठी त्याला वर यावंच लागतं, पिल्लाला दूध पाजावं लागतं, आणि आवाजाच्या प्रतिध्वनीवर तो वाट नि भक्ष्य शोधतो. सात इंजिनांच्या घरघरीत त्याला काय ऐकू येणार?

कोकणातल्या माणसांना माया नाही, असं मी म्हणणार नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं, तेव्हा त्याला समुद्रात परत नेण्यासाठी गावकरी आणि वनकर्मचारी तासन्‌तास झटले होते. ते जगलं नाही, ही गोष्ट वेगळी.

म्हणून मागणी साधी आहे. एका कळपाजवळ एका वेळी दोनच बोटी असाव्यात. पन्नास मीटरच्या आत कुणी जाऊ नये, पिल्लू असेल तर त्याहून लांब थांबावं. वाट अडवली तर परवाना जावा. आमच्याकडे गावातल्या पोरांना गाइडचं प्रशिक्षण मिळालं, जंगलावर त्यांची चूल पेटते. तसंच प्रशिक्षण तिथल्या बोटवाल्यांना आपल्या वनखात्याच्या कांदळवन कक्षाने (खारफुटी आणि समुद्री जीव सांभाळणारा विभाग) आणि बंदरं-बोटींचं काम पाहणाऱ्या सागरी मंडळाने मिळून द्यावं, आणि फेऱ्यांचे नंबर लावून द्यावेत, म्हणजे गिऱ्हाइकासाठी बोटींची शर्यतच लागणार नाही.

पुढच्या दिवाळीत लेकीला पुन्हा समुद्रावर जायचंय. त्याआधी आपला निर्णय कळावा.

आपला,
भिवापूर तालुक्यातील एक शेतकरी, जि. नागपूर