मिक्सर बॅगेत भरण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेश प्रवासाच्या तयारीवर लेख आला होता. व्हिसा, विमा, गरम कपडे, औषधांची चिठ्ठी, सगळे नीट सांगितले होते. विजेच्या वस्तूंबद्दल मात्र 'युनिव्हर्सल अडॅप्टर न्यावा' एवढे एकच वाक्य. आयटीआयत वीजतंत्री ट्रेड शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली. आता ओळखीतले आईवडील मुलांकडे निघाले की बॅगा भरताना विचारायला येतात. त्यांचा सगळा घोळ नेमका याच वाक्यापाशी होतो, म्हणून हे पत्र.

अडॅप्टर फक्त पिना जुळवतो, व्होल्टेज बदलत नाही. आपल्या घरात २३० व्होल्ट असतात, अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००. (जपानात तर विजेची वारंवारताही दोन प्रकारची: टोकियोला ५० सायकल, म्हणजेच हर्ट्झ, आणि ओसाकाला ६०, कारण टोकियोने सुरुवातीची यंत्रे जर्मनीहून आणली आणि ओसाकाने अमेरिकेहून. हे मी वर्गात नेहमी सांगत असे.) मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरांत 'इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' छापलेले असते. असा चार्जर कुठेही चालतो, पिना बसल्या की झाले. ज्या वस्तूवर नुसते '२३० व्होल्ट' आहे, ती अमेरिकेला किंवा जपानला नेऊच नये.

सर्वांत जास्त जीव अडकतो तो मिक्सरमध्ये. लेकीकडे चटण्या, वाटण, इडलीचे पीठ करायचे म्हणून साडेसातशे वॅटचा घरचा मिक्सर साड्यांत गुंडाळून नेतात. १२० व्होल्टवर तो फिरतो, पण रडत. भिजवलेली डाळ टाकली की अडतो आणि अडलेली मोटर तापत राहते. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण एवढ्या वॅटला लागणारा ट्रान्सफॉर्मर कित्येक किलोंचा असतो. त्यापेक्षा तिथल्या विजेवर चालणारा, ११० व्होल्टचा भारतीय मिक्सर घ्यावा, तो इथेही मिळतो. फक्त एक गोष्ट हात जोडून सांगतो: तो घरी 'एकदा चालवून बघू' म्हणून आपल्या सॉकेटला लावू नका. दुप्पट व्होल्टेज मिळून मोटर तिथल्या तिथे जळेल.

इस्त्री आणि पाणी तापवायचा रॉड यांचेही तेच. व्होल्टेज निम्मे झाले की उष्णता पाव होते. हजार वॅटची इस्त्री अमेरिकेत पावणेतीनशे वॅटच्या आसपासच तापेल. घरीच ठेवा.

दुसरा घोळ जुन्या बटणाच्या फोनचा. पेन्शनच्या बँकेचा ओटीपी त्यावर येतो, म्हणून तो सोबत घेतात. हे फोन बहुतेक २जी या जुन्या मोबाइल नेटवर्कवर चालतात. सिंगापूरने २०१७ मध्येच २जी बंद केले, ऑस्ट्रेलियात ते २०१८ पर्यंत संपले, आणि आपले २जी ज्या जीएसएम पद्धतीवर चालते, ती जपानमध्ये कधी नव्हतीच. तिथे त्या फोनला रेंज येणार नाही आणि पैसे भरायच्या वेळी ओटीपी अडकेल. आपले सिम स्मार्टफोनच्या दुसऱ्या खाचेत घाला, निघण्यापूर्वी रोमिंग चालू करून घ्या आणि त्या सिमचा डेटा बंद ठेवा.

पॉवर बँकेबद्दल नियम कडक होत आहेत आणि ते योग्यच आहे. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात गिमहे विमानतळावर एअर बुसानचे विमान उड्डाणापूर्वीच पेटले. वरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेमुळे आग लागली असावी, असे तपासात पुढे आले. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवाशाला १०० वॅट-अवरच्या आतली एकच पॉवर बँक परवानगी दिली, तीही विमानात न वापरण्याच्या अटीवर. वॅट-अवर म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या विजेचे माप. हिशेब सोपा आहे: पॉवर बँकेवरच्या एमएएचच्या आकड्याला हजाराने भागा आणि आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टने गुणा. २०,००० एमएएच म्हणजे २० गुणिले ३.७, म्हणजे ७४ वॅट-अवर. आकडा पुसलेली असेल तर नेऊ नका. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच हवी. आणि विमानाच्या दाराशी जागा नाही म्हणून हातातली बॅग खाली सामानात टाकायला घेतली, तर आधी पॉवर बँक काढून घ्या. हे फार जण विसरतात.

जागा वाचली की ती औषधोपचाराच्या वस्तूंना द्यावी. साखर तपासायच्या मशीनच्या पट्ट्या मुक्काम पुरेल इतक्या इथूनच न्याव्यात, कारण आपल्या मशीनच्या पट्ट्या तिथल्या दुकानात मिळतीलच असे नाही. झोपेत श्वासासाठी मशीन लावणाऱ्यांनी त्याच्या अडॅप्टरवरची इनपुटची ओळ वाचावी आणि डॉक्टरांचे पत्र जवळ ठेवावे.

माझी विनंती अशी की पुरवणीत सहलींची माहिती छापताना देशाच्या नावापुढे तीन रकाने द्यावेत: व्होल्टेज, पिनांचा आकार, २जी आहे की नाही. दुबई, सिंगापूर आणि लंडनला एकाच प्रकारच्या तीन चपट्या पिना लागतात. आपले बरेचसे दोन गोल पिनांचे चार्जर युरोपात थेट बसतात. एवढे कळले तरी लोकांचा अडॅप्टरचा खर्च वाचेल. आपण जागा देणार असाल, तर पिनांची चित्रे मी काढून देईन.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक (वीजतंत्री), सांगली