सेत्सुबाई, तुमचे मनापासून आभार

कोइझुमी सेत्सुबाईंना सप्रेम नमस्कार,

तुम्हाला जाऊन आता नव्वदच्या वर वर्षं झाली, तरी हे आभार मानायचेच होते, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. मला जपानची गोडी लागली ती भुताखेतांच्या गोष्टींमुळे, आणि त्या म्हटलं की लोक तुमच्या यजमानांचं, लेखक लाफ्काडिओ हर्नसाहेबांचं नाव घेतात. घ्यावंच. १८५० साली ग्रीसच्या लेफकाडा बेटावर जन्म, आई ग्रीक, वडील आयरिश, दोघंही लहानपणीच दुरावले, डब्लिनला वडिलांच्या मावशीकडे वाढले, शाळेत असताना एक डोळा गेला, मग अमेरिकेत पेपरात नोकऱ्या, आणि चाळिशीला आले तेव्हा १८९० मध्ये जपान.

पण जुनी जपानी पुस्तकं त्यांना स्वतःला वाचता येत नव्हती हो! ती वाचलीत तुम्ही. जपानातल्या मात्सुए गावच्या सामुराई, म्हणजे योद्ध्यांच्या घरातली मुलगी, १८६८ नंतरच्या मेइजी काळात सामुराईंचे मान-उत्पन्न गेले तशी घरची पार वाताहत झालेली, अकराव्या वर्षापासून मागावर बसून घराला हातभार लावलेला, पहिला नवरा सोडून गेलेला, आणि १८९१ मध्ये या परदेशी मास्तरांच्या घरी कामाला आलात. तुम्हाला इंग्लिश येत नाही, त्यांना जपानी जेमतेम, मग दोघांची मिळून एक मोडकीतोडकी जपानी तयार झाली, त्यातच संसार झाला आणि त्यातूनच पुस्तकंही झाली.

जुन्या पुस्तकांच्या दुकानांत हिंडून गोष्टी शोधायच्या आणि रात्री दिव्याची वात बारीक करून सांगायच्या. पुस्तक बघून सांगितलेलं त्यांना चालायचं नाही, तुझ्या शब्दात सांग, तुला वाटतं तसं सांग, म्हणजे आधी वाचून सगळं स्वतःचं करून घ्यायचं, इतकं की तुम्हाला स्वप्नंही भीतीदायक पडायची. आणि ते श्वास रोखून ऐकणार, आवाज कसा आला असेल, रात्र कशी असेल, परत सांग, परत सांग. आंधळ्या होइचीची गोष्ट चालू होती तेव्हा एकदा अंधार पडला तरी त्यांनी दिवा लावला नव्हता, तुम्ही शेजारच्या खोलीतून हळूच "होइची, होइची" हाक मारलीत आणि आतून उत्तर आलं, मी आंधळा आहे, आपण कोण? वाचताना काटा आला अंगावर. लिहिणाऱ्याला त्याच्याच गोष्टीत शिरून साथ देणारं माणूस किती जणांना मिळतं सांगा.

तुमचं आणि मुलांचं पुढे काय, या काळजीने १८९६ मध्ये ते तुमच्या घरचं नाव लावून कोइझुमी याकुमो झाले, जपानचे नागरिक. १९०४ मध्ये 'क्वाइदान' हे भुताखेतांच्या गोष्टींचं पुस्तक आलं आणि त्याच सप्टेंबरात ते गेले. चार मुलं, धाकटी सुझुको जेमतेम एक वर्षाची. तरी तुम्ही आठवणी सांगितल्यात, १९१४ मध्ये त्या छापून आल्या, म्हणून तर आम्हाला हे सगळं कळतंय.

त्यातलीच एक आठवण मी कितीदा वाचलीय. आपण शिकलेल्या असतो तर यांना जास्त मदत झाली असती असं तुम्ही खंतावून म्हणालात, तेव्हा ते तुम्हाला पुस्तकांच्या कपाटापाशी घेऊन गेले आणि आपली पुस्तकं दाखवून विचारलं, ही कुणामुळे झाली? शिकलेली बाई असती तर भुताच्या गोष्टींना हसली असती, असंही म्हणाले. सेत्सुबाई, त्यांच्या त्या प्रश्नाला माझंही तेच उत्तर आहे, तुमच्यामुळे. खूप खूप आभार.

तुमची,
एक मराठी वाचक