बाबा, लाल पेन काढून ठेवा

वाकड, पुणे
२३ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. रोज रात्री फोन होतो आपला, पण तो 'जेवलीस का' आणि 'बीपीची गोळी घेतली का' याच्या पुढे सरकत नाही. पैशाचा विषय काढला की बाबा म्हणतात, "बघू गं निवांत," आणि फोन आईकडे देतात. पत्र असं मध्येच आईकडे देता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी माझं सांगते.

२०२३ च्या पावसाळ्यात गच्चीतून माजघरात पाणी यायला लागलं, आठवतंय? वॉटरप्रूफिंगचे पैसे मी देणार असं आधीच्या दिवाळीत तोंड वर करून सांगितलं होतं आणि मग म्हणाले, बोनस झालाच नाही. झाला होता. पण तो आणि त्याच्या आधीची शिल्लक, मिळून २ लाख ८३ हजार रुपये, मी २०२२ च्या एप्रिल ते डिसेंबरात शेअर बाजारात घालवले होते. शेअर घेऊन घालवले असते तर निदान काही कागद तरी हातात राहिले असते. मी ऑप्शन घेत होते.

बाबा, ऑप्शन म्हणजे विसार समजा. प्लॉट अमुक भावाला घेईन म्हणून विसार दिला, मुदतीत भाव वर गेला तर फायदा, नाही गेला तर विसार बुडाला. फरक इतकाच की जमिनीच्या विसाराला मुदत महिन्यांची असते, माझी आठवड्याची होती. मी खेळायचे ती बँक निफ्टीवर, म्हणजे बँकांच्या शेअरच्या निर्देशांकावर. तिची साप्ताहिक मुदत तेव्हा गुरुवारी दुपारी साडेतीनला संपायची. मी ऑफिसच्या कँटीनमध्ये डब्यासमोर मोबाइल उभा करून बसायचे. एका गुरुवारी २१० रुपये भावाने पाच लॉट घेतले. लॉटमध्ये तेव्हा २५ नग, म्हणजे २६,२५० रुपये. सव्वादोनला भाव १४० वर आला. टेलिग्राम ग्रुपवरचे 'सर' म्हणाले होल्ड करा. तीनला ३५. साडेतीनला शून्य. डब्यातली दोडक्याची भाजी तशीच राहिली होती. बाजार पडलाही नव्हता त्या दिवशी, जागच्या जागी होता. नुसता वेळ संपत गेला तसे माझे पैसे गेले. तेवढं कळायलाच मला चार महिने लागले. आणि कळल्यावरही मी थांबले नाही, कारण आधीचे भरून काढायचे होते.

पुढे जानेवारी २०२३ मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, आकडे काढले, की या खेळात उतरलेल्या दर १० जणांपैकी ९ जण तोट्यात आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा काढले: तीन वर्षांत ९३ टक्के लोकांनी गमावलं, सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. वाचून बरं वाटलं हो मला, खोटं कशाला सांगू. आपण एकट्याच मूर्ख नव्हतो. मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

हे तीन वर्षं बोलले नाही आणि आजच का लिहितेय, तर गणपतीमुळे. गौरींचे मुखवटे काढायला कपाट उघडलं तेव्हा साड्यांच्या खाली एक निळी फाइल सापडली. युलिप पॉलिसी, म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र. बाबांच्या नावाने, वर्षाला १ लाखाचा हप्ता, पहिला फेब्रुवारी २०२४ चा. मी फाइल होती तशी ठेवली आणि मुखवटे घेऊन बाहेर आले. विचारायचं धाडस झालं नाही, कारण विचारणार कोणत्या तोंडाने?

बाबा, अंदाज सांगते, चुकला तर कान धरा. बँकेतल्या त्या टाय लावलेल्या मुलाने खुर्ची दिली, चहा मागवला आणि सांगितलं, 'गुरुजी, एफडीसारखंच आहे, व्याज जास्त.' तुम्हाला नंतर शंका आली, पण तोवर उशीर झाला आणि आम्हाला सांगायचं राहिलं. असंच ना? कागद मिळाल्यापासून ठरावीक दिवसांत (तेव्हा १५, आता ३०) पॉलिसी परत करता येते, हे त्या चहाबरोबर कोणी सांगत नाही. आता ती मुदत गेली. पाच वर्षं पैसे अडकलेले असतात. मध्ये हप्ता थांबवला तर काही रक्कम कापून उरलेली एका वेगळ्या फंडात जाते, तिच्यावर किमान ४ टक्के मिळतात आणि पाच वर्षं पुरी झाली की परत येते. म्हणजे सगळं बुडालेलं नाही. तिसरा हप्ता फेब्रुवारीत आहे, तो मला फाइल दाखवल्याशिवाय भरू नका, एवढंच. विमा हा कमावत्या माणसाच्या मागे घरच्यांचे हाल होऊ नयेत म्हणून असतो. सदुसष्टाव्या वर्षी, पेन्शन चालू असताना, तुमच्यामागे आईला फॅमिली पेन्शन असताना, तो कशासाठी घ्यायचा?

आता पतसंस्था. इथे बाबा चिडणार, म्हणून हळू लिहिते. चेअरमन तुमचा विद्यार्थी आहे, रस्त्यात पाया पडतो, सगळं मान्य. माणूस चांगलाच असेल. माझा प्रश्न त्याच्या स्वभावाचा नाही. बँक सात टक्क्यांच्या आसपास देत असताना साडेनऊ टक्के द्यायला त्याला परवडतं कसं? तर बँकेने दारातून परत पाठवलेल्या माणसाला तो चौदा-पंधरा टक्क्यांनी कर्ज देतो म्हणून. ती कर्जं फिरली तर सगळं गोड. नाही फिरली तर तुमच्या ६ लाखांच्या मागे कोण उभं आहे? बँक बुडाली, अगदी सहकारी बँक जरी असली, तर ठेव विमा महामंडळ एका खातेदाराला एका बँकेत मुद्दल-व्याज धरून ५ लाखांपर्यंत देतं. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. ती रिझर्व्ह बँकेच्या नाही, सहकार खात्याच्या कायद्याखाली येते.

आणि हा ५ लाखांचा आकडाही जुना नाही. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. टीव्हीवर शाखेबाहेर रडणारी म्हातारी माणसं बघून आईने टीव्ही बंद केला होता. विम्याची मर्यादा तेव्हा १ लाख होती, १९९३ पासून तीच. ५ लाख झाली ती फेब्रुवारी २०२० मध्ये.

मी हिशोब केला. ६ लाखांवर साडेनऊ टक्क्यांनी वर्षाला ५७,००० येतात. तेच पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी ४९,२००, दर तिमाहीला १२,३०० खात्यात जमा, आणि मागे सरकार. खातं उघडताना जो दर असेल तो पाच वर्षं बदलत नाही. मध्येच मोडलं तर मात्र दंड कापतात. फरक ७,८०० चा, म्हणजे महिन्याला ६५० रुपये. एवढ्यासाठी ६ लाखांची झोप उडवायची का, ते तुम्ही ठरवा. ठेवीची मुदत मार्चमध्ये संपते ना? नूतनीकरणाच्या फॉर्मवर सही करू नका, एवढं ऐका. विद्यार्थ्याला वाईट वाटेल असं वाटत असेल तर पन्नास हजार ठेवा तिथे, नातं टिकेल तेवढ्यावर. (तुम्हीच सांगायचात, सतराचा पाढा त्याला कधी आला नाही म्हणून.)

शेअर बाजाराबद्दल आई विचारत होती, शेजारच्या काकू एसआयपी करतात (दर महिन्याला फंडात ठरावीक रक्कम), आपण करायची का. मी स्वतः करते आता. महिन्याला १२,००० रुपये निफ्टी ५० च्या इंडेक्स फंडात. बाबा, तो म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या वर्गातली पहिली पन्नास पोरं. कोण पुढे जाईल हे ओळखायचा शहाणपणा आपण करायचा नाही, सगळ्यांवर थोडे थोडे पैसे लावायचे. वर्षातून दोनदा पट तपासतात, जो मागे पडला त्याचं नाव कमी, त्याच्या जागी नवीन. फंड चालवणाऱ्याला डोकं कमी लागतं म्हणून तो पैसेही कमी घेतो. पण म्हणून ते पोस्टाचं आवर्ती खातं होत नाही. २०२० च्या जानेवारीत सेन्सेक्स ४२ हजारांना टेकला होता आणि २३ मार्चला २६ हजारांच्या खाली. वर्षभरात ५० हजार दिसले, हे खरं. पण मधल्या त्या मार्चमध्ये बाबांनी जेवण सोडलं असतं. मला वीस वर्षं थांबायला वेळ आहे, म्हणून मी तिथे आहे.

तुम्ही तिथे जावं असं मला वाटत नाही. ज्येष्ठांनीही थोडे पैसे शेअरमध्ये ठेवावेत, नाहीतर महागाई खाऊन टाकते, असं सगळे सांगतात. आणि ज्याची नुसती ठेवींवर गुजराण आहे त्याच्यासाठी ते खरंही आहे. सहा टक्क्यांनी महागाई वाढत राहिली तर बारा वर्षांत रुपयाचा आठ आणे होतो. पण बाबांच्या पेन्शनला महागाई भत्ता आहे. या महिन्यात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देऊन आलात ना, त्या एका सहीत आमच्या पिढीला पैसे मोजूनही सहज न मिळणारी गोष्ट आहे. तिच्यावर आणखी जोखीम कशाला?

आई, तुझ्या भिशीचाही हिशोब मांडला मी, हसू नकोस. बारा जणी, महिना २,०००, आणि तू दरवर्षी शेवटचा नंबर मागून घेतेस, 'मला काय घाई' म्हणून. म्हणजे वर्षभर बाकीच्या अकरा जणींना तू बिनव्याजी कर्ज देतेस. पहिला नंबर घेणारीला फुकट कर्ज, शेवटचीला फुकट वाट बघणं. पोस्टात तेच २,००० महिन्याला टाकले असतेस तर वर्षाअखेरीला साधारण ८७० रुपये व्याज चढलं असतं. आता ८७० रुपयांत बारा महिने साबुदाणा वडे, गप्पा आणि गावातली सगळी लग्नं समजतात, तर भिशी सोडू नकोस. फक्त पुढच्या वेळी चिठ्ठ्या टाकायला लाव.

आणि सोन्याच्या बाबतीत तू आम्हा दोघांनाही हरवलंस, ते कबूल करायला हवं. दर दसऱ्याला एक ग्रॅमचं वेढणं, दागिना नाही, म्हणजे घडणावळही नाही. वीस वर्षांपूर्वी दहा ग्रॅमला सात हजारांच्या आसपास भाव होता, आज लाखाच्या बराच वर आहे. बाबा तेव्हा म्हणायचे, डब्यात पडून राहणारा पैसा तो. अर्थात २०१२ ला जो एकतीस हजारांच्या आसपास होता तो २०१८ लाही तिथेच होता, त्या सहा वर्षांत तू एकदाही कुरकुरली नाहीस. मला तेच जमलं नाही. पण ती सगळी वेढणी घरात त्या पितळी डब्यात ठेवू नकोस, आणि कुठल्या डब्यात ते मी इथेही लिहायला नको होतं.

एक शेवटचं, आणि हे बोलताना मला सगळ्यात जड जातं. बाबांचं पेन्शनचं खातं सोडून बाकी तीन खात्यांवर आईचं नाव नाही. एका ठेवीवर नॉमिनी म्हणून अजून आजीचं नाव आहे. आजीला जाऊन अकरा वर्षं झाली. खाती दोघांच्या नावावर, दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला चालवेल अशी करून घ्या. या महिन्यापासून बँक खात्यावर चार नॉमिनीही देता येतात. पण नॉमिनी मालक होत नाही, तो फक्त पैसे ताब्यात घेतो, वाटणी वारसांची. कंपनीचे शेअर आणि फंड यांच्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२३ मध्ये तेच सांगितलं. त्यासाठी मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदारांसमोर सही केली की झालं. दादाला आणि मला काय द्यायचं ते तुमच्या मनाने लिहा. घर दादाला दिलंत तरी मी रुसणार नाही. गौरीचे मुखवटे मात्र मला हवेत.

आणि आई, तुला एटीएम चालवता येत नाही हे आता पुरे. मी आले की आपण दोघी जाऊ, दत्त चौकातल्या मशीनवर, सकाळी गर्दी नसताना. पाचशे काढून प्रीतिसंगमावर भेळ खाऊ.

६ डिसेंबरला, शनिवारी, सकाळच्या गाडीने येतेय. निळी फाइल, पतसंस्थेची पावती आणि पासबुकं जेवणाच्या टेबलावर काढून ठेवा. गच्चीचे ९० हजार काल आईच्या खात्यात टाकलेत. मिस्त्रीला बोलावून घ्या, थंडीत काम उरकू दे. दोडक्याची भाजी करू नकोस.

तुमची,
मनी

ता. क. २०२२ च्या त्या नऊ महिन्यांचा माझा सगळा हिशोब सोबत जोडलाय, तारीखवार, चार पानं. कोणाला दाखवला नव्हता. बाबा, लाल पेनने तपासा. शेवटच्या पानावर बेरजेत कुठेतरी दीडशे रुपयांचा फरक येतोय, मला सापडत नाहीये.