क्रुसासमोरचे पेव्हर ब्लॉक

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणूक जवळ आली की आमच्या वसईत रविवारची मिस्सा (सामूहिक उपासना) संपल्यावर चर्चच्या आवारात रेंगाळणारी माणसे वाढतात आणि “यंदा आपली मते कुठे द्यायची ठरली?” हा प्रश्न हमखास कानावर येतो. या वाक्यातले ‘आपली’ आणि ‘ठरली’ हे दोन्ही शब्द मला खटकतात, कारण मत माझे एकट्याचे आहे आणि ते मी मतदान यंत्रासमोर उभा राहून देणार आहे. माझी ख्रिस्ती श्रद्धा मला मत देताना सोडत नाही, सोडूही नये. पण ती मला उमेदवाराचे नाव सांगत नसून माझ्या स्वतःच्या हेतूचा जाब विचारते, आणि तो जाब आम्ही टाळत आलो आहोत, हे लिहिण्यासाठी हा पत्रप्रपंच.

काही वर्षांपूर्वी अशाच एका निवडणुकीच्या तोंडावर आमच्या वाडीतल्या क्रुसासमोरच्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवून देण्याचा निरोप एका उमेदवाराच्या कार्यकर्त्याने आणला. मे महिन्यात तिथे संध्याकाळी रोझरीसाठी, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेसाठी, वाडी जमते, म्हाताऱ्या बायका लुगडे सावरत धुळीत गुडघे टेकतात, आणि पहिला पाऊस पडला की सगळा चिखल होतो; तेव्हा नाही म्हणावे असे कोणालाच वाटले नाही. जागेची मापे घेताना टेपचे दुसरे टोक मीच धरले होते. लाल आणि राखाडी ब्लॉक चार दिवसांत बसले, धर्मगुरूंच्या हस्ते आशीर्वादविधीही झाला. मत कोणी मागितले नाही. कार्यकर्ता जाताना फक्त “लक्ष असू द्या” एवढेच म्हणाला.

त्यानंतरच्या पावसाळ्यात दोन गोष्टी घडल्या. ब्लॉक उंच बसल्यामुळे पाणी शेजारच्या आवारात शिरू लागले, कारण उताराची नाली त्याखाली बुजली होती. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. वाडीच्या मागच्या अंगाला असलेल्या बावखलात रात्री मातीचे डंपर रिकामे होऊ लागले. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात मुरते आणि आजूबाजूच्या विहिरी खाऱ्या होण्यापासून वाचतात. तक्रारीचा अर्ज लिहिला, पण तो घेऊन जायचे कोणाकडे, तर ब्लॉक देऊन निवडून आलेल्या त्याच लोकप्रतिनिधीकडे, आणि तिथे जाऊन ताठ मानेने बोलायला आमच्यापैकी एकही जण तयार होईना. “त्यांनी आपल्या क्रुसाचे काम केले आहे,” असे एक ज्येष्ठ म्हणाले आणि अर्ज घडी घालून ठेवला गेला. (ज्यांच्या जागेत ते बावखल होते ते आमच्याच धर्मग्रामातले, म्हणजे आमच्याच चर्चचे, हेही लपवण्यात अर्थ नाही.)

लाच घेऊ नकोस, कारण लाच शहाण्यांचे डोळे आंधळे करते, असे बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात सांगितले आहे. हे वचन आम्ही पाकिटातल्या नोटांपुरते मर्यादित करून टाकले आहे. मतासाठी पाचशेची नोट घेतली तर पापनिवेदनात ती सांगावी लागेल, हे आमच्यातल्या बहुतेकांना कळते. मात्र तीच देणगी ब्लॉक, मंडप, सणाचा बँड किंवा दफनभूमीची भिंत या रूपाने सर्वांच्या नावाने आली की ती लाच वाटत नाही, उलट ती मिळवून आणणाऱ्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. पाप सर्वांनी मिळून केल्याने ते वाटले जाऊन कमी होते, अशी काही तरी आमची समजूत असावी.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ सालच्या ‘आधुनिक जगातील चर्च’ या दस्तऐवजाचा शहात्तरावा परिच्छेद आमच्या प्रत्येक पॅरिश कौन्सिलने निवडणुकीपूर्वी वाचावा असा आहे. चर्च कोणत्याही राजकीय व्यवस्थेशी बांधलेले नाही, राज्यसत्तेने देऊ केलेल्या सवलतींवर ते आपली आशा ठेवत नाही, आणि रीतसर मिळालेल्या हक्कांच्या वापरामुळे आपल्या साक्षीच्या प्रामाणिकपणाविषयी शंका येणार असेल तर ते हक्कही सोडायला ते तयार असते, असा त्याचा आशय आहे. जिथे हक्क सोडण्याची तयारी अपेक्षित आहे, तिथे आम्हाला फुकटचे ब्लॉक सोडवले नाहीत.

यावर मिळणारे उत्तर मला ठाऊक आहे. महाराष्ट्रात आपण लोकसंख्येच्या एक टक्काही नाही, एकगठ्ठा मते दिली नाहीत तर आपल्याला विचारणार कोण, असे म्हटले जाते. भीती खोटी नाही. पण घटना समितीचे उपाध्यक्ष आणि अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष असलेले हरेंद्र कुमार मुखर्जी हे स्वतः ख्रिस्ती होते, आणि १९४९ साली धर्माच्या आधारावरील राखीव जागा रद्द करण्याच्या बाजूने ते उभे राहिले. फाळणीनंतर दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा त्यांनी इतर नागरिकांवर विश्वास टाकला. आज आम्ही जो गठ्ठा बांधू पाहतो, त्याची किंमत समाज ठरवत नाही, मधला माणूस ठरवतो.

‘आपला माणूस’ निवडावा यासाठी पवित्र शास्त्राचा आधारही दिला जातो. बायबलमधील ‘निर्गम’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात अधिकारी निवडताना ते कर्तबगार, देवभीरू, सत्यप्रिय आणि अन्याय्य लाभाचा तिटकारा असलेले असावेत, असा सल्ला आहे, आणि त्यातला ‘देवभीरू’ एवढाच शब्द उचलून तो ‘ख्रिस्ती’ असा वाचला जातो. पण इस्राएली लोकांचा नेता मोशे याला हा सल्ला देणारा त्याचा सासरा इथ्रो हा मिद्यानी लोकांचा याजक होता. परक्या याजकाने दिलेला सल्ला मोशेने मानला. चौथी कसोटी तर आमच्या चर्चेत कधी निघतच नाही, कारण ती उमेदवाराला लावली की आम्हालाही लागते.

धर्मगुरूंनी मतदानाविषयी बोलावेच. लाच, द्वेष आणि गरिबांची उपेक्षा यांवर प्रवचन करणे हे त्यांचे कामच आहे. नाव किंवा चिन्ह मात्र वेदीवरून येऊ नये. लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकांना लागू असलेल्या १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम १२३ नुसार उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने कोणी मतदाराला देवाच्या कोपाचे भय घालणे हे भ्रष्ट आचरण ठरते, आणि २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात सदस्यीय घटनापीठाने, मुंबईतल्या सांताक्रूझच्या १९९०च्या निवडणुकीतून निघालेल्या प्रकरणात, मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेले आवाहनही चार विरुद्ध तीन अशा बहुमताने त्याच कलमाखाली आणले.

उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. मालमत्ता आणि प्रलंबित गुन्हे त्यांत लिहिलेले असतात. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी मी ती वाचतो, आणि वाचताना आमच्या बावखलाची, टँकरच्या पाण्यासाठी रांग लावणाऱ्या चाळीतल्या बायकांची, त्यांत आमच्या चर्चला येणाऱ्या किती आणि न येणाऱ्या किती हे न मोजता, आठवण ठेवण्याचा प्रयत्न करतो. दर वेळी जमतेच असे नाही.

यंदाही निरोप आला आहे. उखडलेले जुने ब्लॉक बदलून देतो आणि वर शेडही घालतो, असे सांगितले गेले आहे. येत्या रविवारी वाडीची बैठक आहे. नाली मोकळी करून ब्लॉक पुन्हा बसवण्याचा गवंड्याचा अंदाज मी घेतला असून घरटी किती वर्गणी पडेल हे कागदावर मांडून ठेवले आहे. शेड त्या हिशेबात बसत नाही.

आपला,
वसईच्या एका वाडीतील वाचक